दाजींच्या वाट्याची कोबोल

माणसानं चांगलं असावं, पण त्याला काही हद्द? आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक धोंडीबा, यांच्या चांगुलपणानं माझं डोकं आजवर इतक्या वेळा फिरलंय की विचारू नका. लोक म्हणतात ज्योतीराम फार तापट. अहो, असले दाजी तुम्हाला असते तर तुम्ही बर्फाची लादी डोक्यावर घेऊन फिरला असता.

दाजी निघोज्याचे. घर शेतकऱ्याचं. वडील गेले तेव्हा दाजी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि धाकटा भाऊ विलास मराठी शाळेत. दाजींनी पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली आणि पिंपरीच्या आमच्या कंपनीत टाइम ऑफिसात हजेरीचे कारकून म्हणून चिकटले. विलासला बी.कॉम. केलं, मग त्यालाही तिथंच चिकटवलं. मी त्याच कंपनीत स्टोअर्सला. घर माझं तळेगावला, पण बहीण निघोज्यात, म्हणून रविवारी जाणं-येणं. म्हणजे हा माणूस मला आठवडाभर कंपनीत बघावा लागतो आणि रविवारी बहिणीच्या सासरीही बघावा लागतो.

कॅन्टीनला भजी आली की दाजी ताट मागं धरतात. सगळ्यांचं झालं की तळाचा चुरा घेतात आणि वर म्हणतात, "मला चुराच आवडतो." चुरा कुणाला आवडतो, राव? एकदा चाकणला शर्टाचं कापड घ्यायला गेलो. दुकानदार सहज बोलून गेला की हा पोपटी रंग कुणी घेत नाही. दाजींनी तोच घेतला. का, तर "बिचाऱ्याकडं पडून राहिला असता." पुढं कैक दिवस आमच्या टाइम ऑफिसात पोपट बसलाय असंच लांबून दिसायचं.

आक्का तर सरळ म्हणते, "मला बघायला आलं तवा यांनी मान वर केली न्हाई. आई म्हनली पसंत, हे म्हनले पसंत. माझ्या जागी उखळ बसवलं असतं तरी यांनी हळद लावून घेतली असती."

मी एकदा चिडून विचारलं, "दाजी, तुम्हाला स्वतःला कधी काही पाहिजे असं वाटतच नाही का?" तर शांतपणे म्हणाले, "ज्योतीराम, थोरल्यानं मागायचं नसतं. थोरल्यानं द्यायचं." घ्या.

तर या माणसाला एक्क्याऐंशी साली एक गोष्ट पाहिजे झाली. त्याची ही हकिगत.

आमच्या कंपनीत एक जुना कॉम्प्युटर होता. खोलीभर पसरलेला, गार हवेत ठेवलेला. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. पगाराचं सगळं काम त्यावर चाले आणि त्याची भाषा कोबोल. कागदावर लिहायचं, ते कार्डांवर भोकं पाडून घ्यायचं, कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा आणि घरी जायचं. दुसऱ्या दिवशी कागदाची घडी मिळायची, की तुमचं अमुक चुकलं. दुरुस्त करून परत गठ्ठा आत. सरकारी कचेरीत अर्ज केल्यासारखंच.

मग एक नवीन मशीन आलं. टेबलावर मावणारं, समोर टीव्हीसारखी काच. त्याची भाषा बेसिक. तसं या दोन भाषांच्या वयात फार अंतर नाही म्हणे, पण आमच्या कंपनीत एक आधी नांदायला आली आणि एक मागून, म्हणून एक जुनी ठरली आणि एक नवी. साहेबांनी टाइम ऑफिसातल्या सगळ्यांची परीक्षा घेतली. पहिले दोन आले ते हे दोघं भाऊ. कॉम्प्युटर खात्याचे साहेब साठ्ये म्हणून होते. ते म्हणाले, "एकानं कोबोल शिकायची, एकानं बेसिक. शिकून झालं की जो तो आपापल्या मशीनवर कायमचा. कोण काय शिकणार ते तुम्ही भावाभावांनी ठरवून सांगा."

त्या दिवशी नवीन मशीन सगळ्यांना दाखवलं होतं. तिथून दाजी थेट माझ्याकडं स्टोअर्सला आले. चेहरा असा, की मला वाटलं घरी काही बरंवाईट झालं.

"ज्योतीराम, ते उत्तर देतं."

"कोण?"

"ते नवीन मशीन. मी दोन आकडे टाकले, बेरीज विचारली. विचारल्या विचारल्या उत्तर! मी बोट उचलायच्या आत! थांबायला लागत न्हाई रे, अजिबात न्हाई." आणि बोलता बोलता दाजींचे डोळे भरून आले. मी बघतच राहिलो. आयुष्यभर भज्यांच्या रांगेत शेवटी थांबलेला हा माणूस. त्याला कुणीतरी ताबडतोब उत्तर दिलं होतं.

"मग सांगा की साहेबाला, मला बेसिक पाहिजे. संपलं!"

"असं कसं? विलासलाही तीच पाहिजे असंल तर? तरणा पोरगा हाय. नवं ते त्याचं."

मी कपाळावर हात मारला.

मग सुरू झाला तमाशा. हे म्हणायचे, "विलास, तुला काय पाहिजे ते घे." तो म्हणायचा, "न्हाई दादा, तू आधी घे." घरात तेच, कंपनीच्या बसमध्ये तेच. साठ्येसाहेबांनी दोनदा विचारलं, दोनदा दोघांनी एकमेकांकडं बोट दाखवलं. साहेब कावले. म्हणाले, "सोमवारी उत्तर आलं नाही तर दोन्ही जागा दुसऱ्यांना देईन."

हे घरी कळलं तसं दाजींच्या आई, सोजरबाई, यांनी निकाल लावला. "घरात दोन वस्तू आल्या आन् भाऊ दोन. मग वाटणी करा की! वाडवडलांनी कशी केली? मारुतरावांना बोलवा."

मारुतराव म्हणजे दाजींचे चुलते. सगळे त्यांना नाना म्हणतात. गावातल्या निम्म्या वाटण्यांना पंच म्हणून तेच बसलेले. आणि वाटणीची आमच्याकडची रीत ठरलेली आहे. थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं पहिला उचलायचा. थोरल्यानं लबाडी करू नये म्हणून ही अक्कल. नानांच्या आणि दाजींच्या वडिलांच्या वाटणीत तसंच झालं होतं. नाना धाकटे. त्यांनी विहिरीकडचा तुकडा उचलला, आणि दाजींच्या वडिलांना राहिला तो मुरमाड माळ. गावानं नानांना त्यावरून अजून सोडलेलं नाही.

म्हणजे पहिली निवड विलासची. झालं! दाजींचा चेहरा उतरला. आक्कानं तो बघितला. बाकी कुणाला नाही, पण बायकोला कळतं. रविवारी सकाळी तिनं मला आणि दाजींना चुलीपाशी बसवलं.

"चाकणच्या बाजारात बैल विकायला न्येता तवा काय करता?" तिनं दाजींना विचारलं.

"काय करतो?"

"ग्वाड बोलता त्याच्याबद्दल. ह्याचे दात बघा, चाल बघा. जो खपवायचा त्याची तारीफ करायची असती. तुमाला ती नवी पायजे ना? मग जुनीची तारीफ करा. धाकलं भावजी हुरळून जातील तिकडं. तुमी तोंडानं काय मागितलं न्हाई आन् खोटंबी बोलला न्हाई. हाय का न्हाई?"

दाजी म्हणाले, "पण हे बरं दिसंल का?"

"नसंल दिसत तर बसा चुरा खात!" मी ओरडलो. आक्का म्हणाली, "ज्योत्या, हळू. आत्याबाई भाईर हायेत."

दुपारी ओट्यावर घोंगडं टाकलं. नाना फेटा बांधून मधोमध बसले. समोर विड्याची दोन पानं, दोन्हींवर एकेक सुपारी. उजवीकडची सुपारी कोबोल, डावीकडची बेसिक. मी पाव्हणा म्हणून कडेला.

"धोंडीबा, वाटं सांग," नाना म्हणाले.

आणि दाजी बोलायला लागले. जन्मात एवढं बोललेले मी ऐकले नव्हते. "कोबोल म्हंजे घराण्याची भाषा. सगळ्या बँका, इन्शुरन्स, सरकार, सगळं तिच्यावर. दहा हजार मानसांचा पगार एका दमात काढती. तिला मरण न्हाई. ती शिकला त्याची चाकरी बुडायची न्हाई. गार हवेची खोली. चपला काढून जायचं, देवळात गेल्यासारखं."

सोजरबाईंनी "देवळात" ऐकून कोबोलच्या सुपारीला हात जोडले.

"तिच्यात चार डिव्हिजन असतात. चार भाग. प्रत्येकानं आपापल्या भागात ऱ्हायाचं, कुणी कुणाच्या हद्दीत जायाचं न्हाई."

नाना एकदम खूश. "म्हंजी भाऊबंदकी आधीच मिटवून ठेवलीया! शानी हाय की भाषा. आन् ती दुसरी?"

दाजी अडखळले. खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं बोलवत नव्हतं. "ती... ती साधीच हाय. वळीला नंबर द्यायचे. धा, वीस, तीस. मधी जागा सोडायची, मागाहून काय सुचलं तर घालायला. बसमधी रुमाल टाकून जागा धरतात तशी."

"म्हंजी समदा उद्याचा भरवसा," नाना नाक मुरडून म्हणाले.

मी विलासकडं बघत होतो. पोराचे डोळे कोबोलच्या सुपारीवर चिकटलेले. मला वाटलं, जमलं! आक्कानं दारातून मला भुवई उडवून दाखवली. मी मनात म्हटलं, आक्का, तू कंपनीत मॅनेजर पाहिजे होतीस.

"विलास, उचल बाबा," नाना म्हणाले.

विलासनं हात पुढं केला. उजवीकडं गेला तो. थांबला. मग डावीकडं वळला आणि त्यानं बेसिकची सुपारी उचलून कपाळाला लावली.



"नाना," विलास म्हणाला, "आजवर चांगलं ते दादानं मला दिलं. सोता कालिज सोडलं, मला शिकवलं. आजबी एवढी चांगली वस्तू माझ्याम्होरं ठिवली. एकदा तरी चांगला वाटा दादाला राहू द्या. मला ती साधी बास हाय."

सोजरबाई पदर डोळ्याला लावून रडायला लागल्या. "भरताचा अवतार गं माझं लेकरू!" नानांनीही फेट्याच्या शेवानं डोळे पुसले, आणि विहिरीचा तुकडा त्यांना त्या क्षणी आठवला असावा, कारण ते माझ्या नजरेला नजर देईनात. दाजी? दाजी सुपारीकडं बघत बसले होते. चितेवर ठेवलेल्या माणसालाही थोडी कळा असते, तेवढीही त्यांच्या तोंडावर नव्हती.

मी उठलोच. "अहो पण त्यांना...!" पुढचा शब्द तोंडातून निघायच्या आत आक्का पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तिनं माझ्या पायावर असा पाय दिला की डोळ्यांपुढं काजवे चमकले. खरंच होतं तिचं. अशा वेळी सत्य सांगणं म्हणजे भरल्या ताटात माती टाकणं. आणि पंचांसमोर उचललेला वाटा कुणी परत ठेवत नाही, ही पण रीतच.

झालं. सोमवारी दोघांनी साठ्येसाहेबांना कळवलं.

पुढं जे काय बघायला मिळालं ते शत्रूलाही नको. दाजी रोज गठ्ठा आत द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी चुकांची घडी घेऊन बाहेर यायचे. कोबोलमध्ये वाक्याच्या शेवटी टिंब द्यावंच लागतं. एका जागी टिंब राहिलं, तर मशीननं चुकांचा कागद काढला तो माझ्या टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. दाजी मला दाखवत म्हणाले, "एका टिंबासाठी एवढं बोलती रे! तुझी आक्कासुद्धा एवढं बोलत न्हाई." आणि हे सगळं हसतमुखानं. कुणी विचारलं तर "फार छान भाषा हाय." चुराच तो, पण दाजींना आवडत होता म्हणे.

आणि तिकडं विलास. नवीन मशीनपुढं बसून पोरगं जांभया द्यायचं. बसमध्ये दाजींना विचारायचं, "दादा, आज कोबोलमधी काय शिकवलं?" दाजी सांगायचे आणि लगेच विचारायचे, "तुझ्या बेसिकमधी?" मग तो सांगायचा. नाशिक रस्त्यावर बस मिळाली की पिंपरी येईपर्यंत दोघं एकमेकांची भाषा अशी चवीनं ऐकायचे, की माहेरची खबर ऐकणाऱ्या सासुरवाशिणी बऱ्या. मला त्या बसच्या ड्रायव्हरनं एकदा कंपनीच्या गेटवर विचारलं, "ह्यांच्या घरी काय झगडा हाय का? दोघं बोलून झालं की खिडकीबाहेर बघून उसासं टाकत्यात." मी त्यालाच झापलं. दुसऱ्या कुणाला झापणार?

दसरा आला. आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी पिंपरीत सगळ्या कंपन्यांत मशीनची पूजा होते आणि घरची माणसं बघायला येतात. लेथला झेंडूचा हार, क्रेनला हार, वजनकाट्याला हार. निघोज्याहून आक्का, सोजरबाई आणि नाना टेंपोतून आले. जुन्या कॉम्प्युटरच्या खोलीत सोजरबाईंनी चपला काढल्या, आत जाऊन नमस्कार केला आणि गार हवेनं शिंका देत बाहेर आल्या. मग नवीन मशीन. तिथं हळदकुंकू झालं होतं. नाना नारळ घेऊन पुढं सरले तसे साठ्येसाहेब धावले. "अहो, बाहेर! नारळ बाहेर फोडा!"

विलास सगळ्यांना गंमत दाखवत होता. म्हणाला, "दादा, तू बस इथं. तुझ्यासाठी एक प्रोग्राम लिवलाय मी. ते विचारंल त्याचं उत्तर दे."

दाजी खुर्चीवर बसले. किती हळू बसले! विलासनं एक बटण दाबलं. काचेवर अक्षरं उमटली, इंग्रजी अक्षरं पण भाषा आपली: दादा, दिवाळीला तुला काय आणू?

विलास माझ्या कानात म्हणाला, "पाव्हणं, दर साली विचारतो, दर साली काय नको म्हनतो. म्हटलं बघू, मशीनला तरी सांगतो का."

दाजींनी एका बोटानं टाइप केलं: काही नको.

दाजींनी बोट उचलायच्या आत मशीननं उत्तर दिलं: खोटं. परत सांग. आणि खाली पुन्हा तोच प्रश्न.

सगळे हसले. दाजीही हसले. पुन्हा काही नको. पुन्हा खोटं, परत सांग. तिसऱ्यांदा तेच. आता बाजूच्या खात्यांतली माणसंही जमली. साठ्येसाहेब हसून म्हणाले, "धोंडीबा, याला कंटाळा नाही येत. दसरा उजाडेल."

दाजींचं बोट हवेत थांबलं. मी बघत होतो, आक्का बघत होती. आम्हा दोघांनाच ठाऊक होतं की या माणसाला काय पाहिजे, आणि आमच्या तोंडाला कुलूप होतं. मग दाजींनी एकेक अक्षर शोधून, दाबून, टाइप केलं: हेच.

मशीन म्हणालं: आणतो दादा.

लोक हसले. विलास मात्र गोंधळला. "हेच म्हंजी काय? आरं दादा, सायकल, स्वेटर असं काय तरी..."

आणि माझं कुलूप तुटलं. "अरे गाढवा, हेच म्हणजे हेच! हे मशीन! तुझी ती साधी भाषा! पहिल्या दिवसापासून ह्या माणसाला तीच पाहिजे होती, आणि तू भरत होऊन ती उचलून बसलास!"

आक्कानं या वेळी पाय दिला नाही.

विलास दाजींकडं बघत राहिला. "खरं का, दादा?"

दाजींनी मान खाली घातली. पण न्हाई म्हणाले नाहीत.

"आन् मी तिकडं कोबोलसाठी जीव टाकतोय!" विलास रडकुंडीला येऊन ओरडला. "तूच एवढी वाखाणलीस! रोज बसमधी ऐकून ऐकून मला तुझ्यापेक्षा जास्त यायला लागली!"

साठ्येसाहेबांनी कपाळाला हात लावला. आक्का हसता हसता जमिनीवर बसली. सोजरबाई विचारत होत्या, "आगं काय झालं? आगं कुनी तरी सांगा मला!" आणि सगळे नानांकडं बघायला लागले, कारण पंचांसमोर उचललेला वाटा.

नानांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. मग घसा खाकरून म्हणाले, "रीत मीच सांगत आलोय आजवर. थोरला गप ऱ्हातो, धाकला उचलतो. माझा थोरला बी गपच ऱ्हायला हुता. त्याला हीर पायजे हुती का, मी कदी इचारलं न्हाई." आणि साहेबांकडं वळून म्हणाले, "सायेब, हा पंच म्हनतो, वाटा बदलून द्या."

साहेब म्हणाले, "दिला बदलून! दोघांना दोन्ही येतायत. पण आता परत बदलून मागाल तर दोघांना क्रेनवर पाठवीन."

दाजी खुर्चीवरून उठायला लागले. सवयच ती. विलासनं त्यांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून त्यांना खाली बसवलं.

"बस. तुझीच खुर्ची हाय ती," तो म्हणाला. "पर दादा, फुडच्या टायमाला तोंडानं सांग. दर येळी इचारायला हे मशीन काय घरी न्येता येत न्हाई."